तीनशे चाळीस

ग्रँड रॅपिड्स. नदीकाठी खुर्च्यांचा कारखाना, चार मजली.
तळघरातलं वाफेचं इंजिन घोडे लावून भंगारात ओढत नेलं
आणि त्याच ओट्यावर, त्याच बोल्टांना
विजेची मोटर बसवली.
मालकांनी सगळ्यांना सफरचंदाची दारू पाजली.
मी हिशेबनीस. त्या संध्याकाळी वहीत लिहिलं:
खुर्च्या तीनशे चाळीस.

दुसऱ्या दिवशीही तीनशे चाळीस.

कारण वर तोच लोखंडी दांडा फिरत होता,
तळघरातून थेट चौथ्या मजल्यापर्यंत,
तेच चामड्याचे पट्टे फटफटत होते,
आणि यंत्रं उभी होती मानकऱ्यांसारखी,
ज्याची भूक मोठी ते दांड्याच्या जवळ.
लाकडाला कुणी विचारलं नव्हतं.
ते चढायचं, उतरायचं,
रंध्याला तिसऱ्यावर, भोकांना पहिल्यावर, सरसासाठी पुन्हा चौथ्यावर.
खुर्चीचा एक पाय खुर्चीला लागण्याआधी
साडेतीनशे पावलं चालायचा;
एकदा जेवणाच्या सुट्टीत मी मोजली होती.

वीबे हुकस्ट्रा शिडीवर असायचा,
हातात लांब चोचीची तेलाची झारी.
"विजेलाही तेल लागतं का रे?"
"दांड्याला कुठे ठाऊक," तो वरूनच म्हणायचा,
"खाली कोण आहे ते."

नऊ वर्षं.
तीनशे बावन्न, तीनशे अठ्ठेचाळीस,
एका हिवाळ्यात तीनशे एकोणचाळीस.
मालकांनी वहीवर बोट आपटलं: "वीज कुठे आहे यात?"
मी पान उलटून दाखवलं.
"इथे, साहेब. खर्चात."

मग एक दिवस सामानाची लिफ्ट अडकली
आणि वेत विणणारी लुडविका
पाठीवर बारा चौकटी घेऊन जिना चढून आली.
धापा टाकत म्हणाली, हे सगळं एकाच मजल्यावर का नाही?
दांडा उभा आहे म्हणून, मुकादम हसला.
पण आता दांडा कशाला?

तो प्रश्न मालकांच्या मजल्यापर्यंत चढायला
आणखी चार वर्षं लागली.

रुळांपलीकडे, जमीन स्वस्त होती तिथे,
बांधली एक लांबच लांब, बसकी शेड.
प्रत्येक यंत्राच्या पोटाशी स्वतःची मोटर, भोपळ्याएवढी.
वर पट्टे नाहीत, म्हणून छताला काचा बसवता आल्या.
तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं
की मेपलचा भुसा किंचित गुलाबी असतो.
लाकूड एका दाराने आत येऊ लागलं
आणि दुसऱ्या दाराने खुर्ची होऊन बाहेर.

सहाशे दहा.
मी आकडा खोडला, पुन्हा मोजला, पुन्हा तोच लिहिला.

वीबेला विसाव्या दिवशी बोलावलं.
तेल गेलं; तूप तर त्याच्या ताटात कधी नव्हतंच.
झारी घरी नेऊ का, एवढंच त्याने विचारलं,
आणि मी ती मोडीत काढल्याची नोंद केली,
किंमत शून्य.
लुडविकाचा आठवड्याचा पगार पाऊण डॉलरने वाढला.
मालकांच्या घराला एक गोल मनोरा आला.
दोन्ही रकाने माझ्याकडे आहेत.
खाली रेघ ओढून बेरीज मात्र मी केलेली नाही.

यंदा माझ्या टेबलावर बेरजेचं यंत्र आलं.
मी आकडे दाबतो, दांडी ओढतो, कागद बाहेर येतो,
आणि मग पेन्सिलीने तीच बेरीज
हातचे धरत पुन्हा करतो.
नवा पोरगा बघत होता.
"मग यंत्र कशाला?"

उत्तर शोधायला मी मान वर केली.
वर काहीच फिरत नव्हतं.
काच होती, काचेवर बर्फ,
आणि खाली मोटरींची बारीक, समंजस गुणगुण,
जिला कुणाच्याही शिडीची गरज नव्हती.